गणवेश दाराबाहेर

कापडाच्या वखारीत दोन्ही बाजूंचे जखमी सैनिक आणून ठेवणारी ही बाई पुरती सटकलेली आहे, असं तिचा दीर गावभर सांगत फिरायचा. बाईला त्याचं काही वाटत नसे. नवऱ्यामागे वखार तिच्या नावावर होती आणि दिराच्या अकलेबद्दल तिचं मत लग्नातच ठरलं होतं. "वहिनी, लोक काय म्हणतील?" असं त्याने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "म्हणू देत. तुम्ही तेवढं पाणी उकळत ठेवा."

असला दवाखाना त्या मुलखात आधी कुणी पाहिला नव्हता. तिचा नियम एकच. गणवेश दारातच उतरवायचा आणि सगळे कपडे धुवायला एकाच भट्टीत घालायचे. आत सगळ्यांच्या अंगावर वखारीतल्या मांजरपाटाचे सदरे. दोन्हीकडची भाषा एकच, शिव्याही त्याच. त्यामुळे कोण कुणाचा हे तिलाही कळत नसे, आणि जाणून घ्यायची हौसही नव्हती.

एके दिवशी सेनापती आले. छातीवर एवढे बिल्ले, की चालताना भांड्यांची मांडणी हलल्यासारखे वाजत होते. दारात गाडी उभी करून म्हणाले, "शत्रूचे सैनिक ताब्यात द्या. तुरुंगात न्यायचेत."

बाईने गाडीकडे एकवार पाहिलं. टाके ओले असलेला माणूस त्या गाडीत वेशीपर्यंतही टिकला नसता. पण तिने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"मला नाही ओळखू येत. तुमची माणसं तुम्हीच ओळखा की."

"त्यात काय! शत्रू तोंडावरूनच कळतो."

लढाया टेकडीवरून दुर्बिणीने पाहिलेल्या माणसाला सगळंच कळतं. नाकाला रुमाल लावून ते खाटांमधून फिरले आणि पोटाला पट्टी बांधलेल्या एकापाशी थांबले. "हा बघा. डोळ्यांतच हरामखोरी आहे. उचला."

शिपाई पुढे झाले. बाई खाटेपुढे आडवी उभी राहिली. "आधी मला उचला."

तिच्या मागून तो जखमी कण्हत म्हणाला, "साहेब, मी तुमचा मोतद्दार. तीन वर्षं तुमचा घोडा मीच धरतोय."

कुणीतरी फिसकन हसलं. बाईने सेनापतींना नखशिखांत न्याहाळलं. पायपुसण्याकडेही ती याहून आदराने बघत असे.

"बरं साहेब," ती म्हणाली, "आता पुढचा शत्रू दाखवा."

सेनापतींना एकदम दुसरीकडचं काम आठवलं. गाडी रिकामीच परतली. बाई मोतद्दाराची सैल झालेली पट्टी नीट करू लागली.

"बाई," तो म्हणाला, "माझ्या जागी घोडा असता तर ओळखला असता त्यांनी."