मधला अंदाज

"तेल कमी विकनार हाय, तर तसं सांगत काहून नाहीत ते लोकं?" देवरावांनी डोळे न उघडता विचारलं.

"साहेब लोकं आहेत बाबा, भेतेत," चारुशीला म्हणाली.

"मंग तू सांग."

तिनं इंग्रजीत सरळ लिहिलं, यंदा आमचं तेल कमी विकलं जाईल. मूळ स्पॅनिश वाक्य चार ओळींचं होतं आणि त्यात 'कमी' हा शब्द कुठेच नव्हता.

शहरातल्या सदर भागातल्या एका ऑफिससाठी ती घरी बसून स्पेनमधल्या ऑलिव्ह तेलवाल्यांचे अंदाज इंग्रजीत आणत असे. पुढल्या वर्षी काय विकेल, कुठे अडेल, असले. पहिला खर्डा हल्ली मशीनच करायचं. पण त्यातले शब्द इंग्रजी आणि चाल स्पॅनिशच राहायची. म्हणून तिची आपली एक पद्धत होती. अडलेलं वाक्य ती आधी बाबांना घरच्या बोलीत सांगायची. समजलं तर बाबा 'हं' म्हणत, नाही तर 'काहून?'. 'हं' आलं की मगच ती टाइप करायची. ऑफिसला याचा पत्ता नव्हता. असता तर देवरावांचंही नाव हजेरीपटावर घ्यावं लागलं असतं.

देवराव स्वतः उमरेडच्या खाणीत हजेरीबाबू होते. अंथरुणाला खिळल्यापासून ते अर्धे या घरात आणि अर्धे, ग्लानीत, त्या तेलवाल्यांच्या गावात राहत. मे महिन्याची दुपार होती, कूलरमधून ओल्या वाळ्याचा वास येत होता.

"आता त्या झाडाईखाली जाऊन आलो वं," ते म्हणाले. "बोराएवढी फळं. खाली प्रयाग बसली होती, वेचून राह्यली होती. मले म्हणे, दादा, तू घरी कधी येतं?"

प्रयागबाई त्यांची धाकटी बहीण. ती उमरेडला असते, आणि गुडघे गेल्यापासून तिला उंबरठाही ओलांडवत नाही.

"थंडीत जाऊ," देवराव म्हणाले. "उन्हाचं कायले?"

"हो बाबा, थंडीत," चारुशीला म्हणाली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी तिला खोलीबाहेर बोलावून सांगितलं होतं, थंडी धरून चालू नका. पुण्याहून जितेंद्र, तिचा भाऊ, फोनवर म्हणाला होता, त्यांना काही बोलू नकोस, उगाच खचतील. तेव्हापासून ती रोज थंडीचं आश्वासन देत होती.

"पुढचं सांग," देवराव म्हणाले.

"पुढं तीन अंदाज दिले आहेत. सगळं चांगलं झालं तर एक, सगळं बिघडलं तर एक, आन एक मधला."

"खरा कोनता?"

"मधला धरून चालतेत बाबा. तयारी त्याचीच करतेत."

"हं."

तिनं टाइप केलं. कूलर घरघरत होता. बाबा पुन्हा त्या झाडांखाली गेले असतील असं तिला वाटलं. पण त्यांचे डोळे उघडे होते.

"चारू, माहा मधला अंदाज काय हाय वं?"

तिचे हात थांबले. "डॉक्टर म्हणतेत, तब्येतीत सध्या अपेक्षेप्रमाणे..."

"काहून?" देवराव म्हणाले.

असलं वाक्य तिनं कुठल्याही फाइलीत ठेवलं नसतं. तिनं लॅपटॉप मिटला आणि त्यांच्या उशाशी जाऊन बसली.

"थंडी नाही दिसत बाबा," ती म्हणाली. "पावसाळ्यापर्यंत आहे म्हणतेत."

कूलरचं पाणी टपटपत होतं. तिला वाटलं, जितेंद्रचं ऐकायला हवं होतं.

"हं," ते म्हणाले.

तिला रडू आवरलं नाही. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, जरा वेळ.

"मंग थंडीची वाट कायले पाहून राह्यलो आपन?"

दुसऱ्या दिवशी उन्हाच्या आत उमरेडला प्रयागबाईकडे निघायचं म्हणून तिनं गाडी सांगून ठेवली होती. ती पहाटे उठली आणि चहा ठेवायच्या आधी त्यांच्या खोलीत डोकावली. देवराव पलंगाच्या कडेला पाय सोडून बसले होते. त्यांनी धुतलेला शर्ट चढवला होता आणि गळ्याशी वरची गुंडीसुद्धा स्वतःच लावली होती. पूर्वी खाणीवर जाताना लावत तशी.