मंगळाला निघालेलं गिरमिट

मित्रांनो, मी एक जुनं गिरमिट आहे. सुताराकडचं नव्हे, मंगळाच्या मातीत पाणी शोधायला घडवलेलं. माझ्या टोकाला ओलावा हुंगणारं नाक आहे आणि डोक्यावर भोंगा. रांजणगावच्या एका शेडमध्ये प्राचीमॅडमनी मला लेकरासारखं वाढवलं. चाचणीत पास झालो तर मी मंगळावर. नापास झालो तर मी भंगारात आणि मॅडमचा विभाग बंद.

चाचणीला मंगळाइतकी कोरडी जागा हवी होती; तिथं माझा भोंगा गप्प राहिला तरच मी पास. दौंड तालुक्यात त्यासाठी फार फिरावं लागलं नाही. कुरकुंभच्या पलीकडं सरूबाई आणि त्यांचे दीर पोपटराव यांच्या शेतांच्या मधोमध मुरमाड पट्टा होता. तिथं कुसळही उगवत नसे. बांधावरून दोघांचं बोलणं बंद होतं.

मॅडम परवानगी मागायला गेल्या.

"त्यो खडक भाऊजींचा हाय, त्यांनाच इचारा," सरूबाई म्हणाल्या.

"वहिनीला सांगा मॅडम, असलं रत्न तिच्याच वाट्याला आलंय," पोपटराव म्हणाले. वहिनी शेजारीच उभ्या होत्या.

जमीन कुणालाच नको, म्हणून हरकतही कुणाची नव्हती. मग निवड करणारे परीक्षक आले. मॅडमनी मला मुरमात उभं केलं आणि त्या चष्मा आणायला गाडीकडं वळल्या. नवं यंत्र नारळाशिवाय चालू करायचं, हे सरूबाईंना बघवेना. वैर दिराशी होतं, यंत्राशी नव्हे. त्यांनी माझ्या बुडाशी नारळ फोडला आणि सगळं पाणी माझ्या भोवती ओतलं.

मॅडमनी येऊन बटण दाबलं. मी प्रामाणिक. भोंगा वाजवला: पाणी आहे.

पोपटराव लगेच माझ्याशेजारी मांडी घालून बसले. "ह्यो पट्टा आमचा. आज्यापासनं."

"उठा भाऊजी. माझ्या हद्दीत बसलाय तुम्ही."

कित्येक वर्षांनी दोघं थेट बोलत होते.

नारळाची करवंटी बघून मॅडमच्या सगळं ध्यानात आलं. त्यांनी हात जोडले. "अहो, हे नारळाचं पाणी आहे. मला परत कोरडी चाचणी घेऊ द्या. नाहीतर माझं काम बंद होईल."

"बघा भाऊजी, लागल्यालं पाणी लपवतीय."

"व्हय वहिनी. कंपनीच्या घशात घालायचं आसंल." पोपटराव मॅडमकडं वळले. "गिरमिटाला हात लावला तर तंगडं तोडीन."

त्या घराण्यातलं ते पहिलं एकमत. परीक्षकांनी घड्याळ बघितलं आणि ते गेले. पुढं दुसऱ्या कुणाचं गिरमिट निवडलं, मॅडमचा विभाग मिटला. त्या मला न्यायला आल्या होत्या. दोन्ही घरांतून कुत्री सोडली.

आता मी बांधाचा दगड आहे. दोघांचं बोलणं पुन्हा बंद. सरूबाई शेण टाकायला आल्या की मला टाचेनं दिराकडं रेटतात. पोपटराव ट्रॅक्टर वळवताना परत त्यांच्याकडं ढकलतात. प्रवास चालू आहे, दिशा तेवढी चुकली.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, गंजू देऊ नका, असं म्हणणार होतो. ते राहू द्या. तुमच्यापैकी कुणी परग्रहावर गेलं आणि तिथं पाणी, लोखंड, काहीही सापडलं, तर हळू बोला. तिथं अजून कुणी कुणाचा भाऊबंद नाही. तेवढं जपा.