वकीलबाईंचा घसा

गाद्यांच्या दुकानाचं उद्घाटन होतं. फीत कापून झाली, टाळ्या झाल्या, मालकाने तिला एका जाडजूड गादीवर बसवून फोटोही काढून घेतले. मग गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "वकीलबाई, तो डायलॉग!" आणि सगळ्यांनी तोच धोशा लावला. तिने माइक घेतला.

"मी हरायला आलेले नाही."

क्षणभर कुणाला काही कळेना. मग पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "ही ती नाही गं. तिच्यासारखी दिसणारी आणलीये."

"डुप्लिकेट!" मागून शिट्टी आली. "मालकाने पैसे वाचवले!"

मालक घामाघूम झाला. तिच्या कानाशी लागत म्हणाला, "मॅडम, सर्दी झालीय का?"

"नाही. माझा आवाज असाच आहे."

"मग जरा त्या आवाजात म्हणा ना. टीव्हीतल्या."

ती हसली, लोकांकडे बघून हात हलवला आणि गाडीत जाऊन बसली. काच वर केल्यावर तिने जी शिवी हासडली, ती मात्र अस्सल स्वतःच्या आवाजात. ड्रायव्हर दचकला.

भानगड साधी होती. मालिकेत चेहरा तिचा, आवाज दुसरीचा. ती सेटवर संवाद म्हणायची. नंतर एका बंद खोलीत दुसरी बाई पडद्यावरच्या तिच्या ओठांकडे बघत तेच संवाद पुन्हा म्हणायची. याला डबिंग म्हणतात, आणि या धंद्यात त्याचं कुणाला काही वाटत नाही. तो दुसरा आवाज बारीक, गोड, साखरेत घोळलेला. खुनी माणसाला कोर्टात फाडून खाणारी वकीलबाई बोलायची ती पाहुण्यांना चहा विचारल्यासारखी. लोक त्यावर लट्टू होते. निर्मात्याने पहिल्याच दिवशी तिला सांगितलं होतं, "तोंड छान आहे तुझं. फक्त उघडू नकोस." ती तेव्हा हसली होती. घरापासून एवढं लांब आल्यावर आणि हातात काम नसल्यावर माणसाला असल्या गोष्टींवर हसू येतं. येत नसेल तर आणावं लागतं.

आता रस्त्यात लोक तिला हाका मारायचे, सेल्फी मागायचे. आणि ती गप्प. बोललं की सगळी मजा जाते, हे तिला लवकरच कळलं होतं. दुकानात ती बोट दाखवून साबण घ्यायची. टॅक्सीत पत्ता कागदावर लिहून द्यायची. लोक म्हणायचे, काय साधी बाई आहे, गर्व कसला तो नाही. डोंबलाची साधी! प्रसिद्धीने तिला मुकी करून ठेवली होती आणि वर शाबासकी देत होती.

आवाज तिला बापाकडून आलेला. वडील भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. खोक्यावर उभं राहून त्यांनी टोमॅटोचा भाव पुकारला की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला झोपलेलं कुत्रं उठून बसायचं. लेकीचा घसा तसाच निघाला, जाड आणि खरखरीत. शाळेत तिचं नाव पडलं भोंगा. नटी व्हायचं म्हणून ती घरातून निघाली, तेव्हा बापलेकीचं भांडण ऐकायला गल्लीतल्या कुणाला खिडकीही उघडावी लागली नाही. शेवटी वडील म्हणाले, "जा. पण तुझं तोंड मी पुन्हा बघणार नाही."

शब्दाचा पक्का माणूस. मालिका सुरू झाल्यापासून ते रोज संध्याकाळी खुर्ची फिरवून टीव्हीकडे पाठ करून बसत. उठून मात्र जात नसत, कारण घरातला एकुलता एक पंखा त्याच खोलीत होता.

आई फोनवर सगळं सांगायची. "परवा मी म्हटलं, अहो, बघू नका, पण ऐका तरी, पोरगी किती गोड बोलते. तर म्हणाले, ही कुठली आपली? आपली अशी मांजरासारखी बोलत नाही. लोकांच्या पोरी आपल्या म्हणून सांगू नकोस."

बाप खोटं बोलत नव्हता, हीच तर बोच होती. या शहरात ती एकटी राहत होती. भाडं स्वतः भरत होती. कुणाच्या मामाची ओळख नाही, कुणा काकाचा वशिला नाही. दाराचं कुलूप तिने खोलीत बादली यायच्या आधी विकत घेतलं होतं. एवढं सगळं करून टीव्हीवर पोचली कोण, तर भलतीच बाई.

गादीवाल्याच्या दुकानातून ती घरी गेली नाही. थेट निर्मात्याच्या ऑफिसात गेली. त्याला आनंद झाला, कारण मालिकेचं नवं पर्व सुरू होणार होतं आणि तिच्या कराराचा कागद टेबलावर पडून होता.

"आलीस? कर सही."

"नव्या पर्वात मी माझ्या आवाजात बोलणार."

तो आधी हसला. मग तिच्याकडे नीट बघितलं आणि हसायचा थांबला. "हे बघ. चेहरा तुझा, आवाज तिचा, मालिका माझी. तिघांची मिळून एक वकीलबाई होते. त्यात तू एकटी कोण गं?"

"मग सही नाही."

"नको करूस. पुढच्या आठवड्यात वकीलबाईंना अपघात होईल. तोंडाला पट्ट्या बांधून दवाखान्यात पडतील. पट्ट्या सुटतील तेव्हा आत दुसरी पोरगी असेल आणि आवाज तोच. लोकांना दोन दिवस चुटपुट लागेल. तिसऱ्या दिवशी तुझं नाव तुझ्या घरमालकाला तेवढं आठवेल, भाड्यापुरतं."

तो उगाच धमकी देत नव्हता. असं त्याने आधी केलेलं होतं. ती उठली. कोरा करार तसाच टेबलावर ठेवून निघाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती डबिंगच्या खोलीवर गेली. आजवर तिला तिथे कुणी येऊ दिलं नव्हतं. दोघींच्या वेळाच अशा ठरवलेल्या की गाठ पडू नये. आत एक जाडजूड, पन्नाशीची बाई चष्मा कपाळावर चढवून थर्मासमधलं गरम पाणी पीत बसली होती. काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला मशीन लावत होता.

"अगंबाई," ती आवाजवाली म्हणाली, आणि वकीलबाईच बोलल्या. नटीच्या अंगावर काटा आला. स्वतःच्या पडद्यावरच्या तोंडातला आवाज दुसऱ्याच्या तोंडातून समोरासमोर ऐकणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळेल. "प्रत्यक्षात बारीक दिसतेस की! मी रोज तुझे ओठच बघते, बाकीची तू आज बघतेय."

"मावशी, मला आजचा एपिसोड माझ्या आवाजात करायचाय."

"मावशी नको. ताई म्हण. आणि का?"

तिने सगळं सांगितलं. गाद्या, पट्ट्या, सगळं. बापाचंही सांगितलं. आवाजवालीने थर्मासचं झाकण घट्ट बसवलं.

"म्हणजे माझ्या पोटावर पाय देणार तू."

"हो," ती म्हणाली. "लोकांना आवडलं तर तुमचं हे काम जाईल. मला माहीत आहे. तरी मागतेय."

"तुमच्यासाठी पण काहीतरी करेन, असं नाही म्हणालीस."

"माझ्या हातात काही नाही. खोटं कशाला बोलू?"

"बरं केलंस. बोलली असतीस तर हाकलून दिली असती." आवाजवाली खुर्चीत मागे रेलली. "मीही नटी व्हायलाच आले होते या शहरात. आवाज ऐकून बोलावलं, थोबाड बघून परत पाठवलं. मग या अंधारात आणून बसवलं. तेव्हा माझ्यात तुझ्यासारखी धमक असती तर... जाऊ दे. नव्हती." ती हसली. "आणि एवढं टेन्शन नको घेऊस. मी काही तुझ्या एकटीच्या जिवावर जगत नाहीये. तीन मालिकांमध्ये बोलते. त्या पावडरच्या जाहिरातीतलं रडणारं बाळ पण मीच."

"ते तुम्ही?"

"मीच. आता ऐक. माझा घसा एक दिवस बसेल. एकच. उद्या लोक म्हणाले जुनी आणा, तर मी पहिल्या झटक्यात येईन आणि तुझं तोंड बंद करीन. तेव्हा रडायचं नाही."

"नाही रडणार."

आवाजवालीने निर्मात्याला फोन लावला. आणि जी बाई आत्तापर्यंत खडीसाखरेसारखी बोलत होती, तिच्या गळ्यातून गंजलेल्या नळासारखा घरघराट निघाला. "साहेब... आवाजच... नाही हो... सकाळपासून..." मध्ये एक असा खोकला काढला की काचेपलीकडचा रेकॉर्डिंगवाला पाण्याची बाटली घेऊन धावत आला. पलीकडून आरडाओरडा झाला. एपिसोड संध्याकाळी लागणार होता, कोर्टातल्या शेवटच्या भाषणाचा, आणि दुसरी बाई शोधायला वेळच नव्हता. शेवटी तो ओरडला, "बोलू दे त्या भोंग्यालाच! पण आजच्या दिवस!"

शाळेतलं नाव त्याला कसं सापडलं कोण जाणे. बहुतेक ते नाव तिच्या घशावर लिहिलेलंच असावं.

ती माइकसमोर उभी राहिली. पडद्यावर ती स्वतः कोर्टात उभी होती. इशारा झाला आणि ती बोलली, आणि तिच्या तोंडून निघाला गोड, बारीक, साखरेत घोळलेला आवाज. इतके दिवस स्वतःला तसंच ऐकून ऐकून जिभेला तीच सवय लागली होती.

"ए बये!" काचेमागून आवाजवाली ओरडली. "माझी नक्कल कशाला करतेस? ती मी तुझ्यापेक्षा बरी करते!"

तिने चपला काढल्या. पाय फाकवून उभी राहिली, खोक्यावर उभं राहतात तशी. मागच्या टोकाचं कुत्रं उठलं पाहिजे, एवढाच विचार केला.

"मी हरायला आलेले नाही," ती म्हणाली. रेकॉर्डिंगवाल्याने कानावरचे हेडफोन झटकन बाजूला केले आणि मशीनवरचं बटण खाली ओढलं. आवाजवालीने थर्मास उघडून तिच्यासाठी पाणी ओतून ठेवलं.

संध्याकाळी एपिसोड लागला. ती खोलीत एकटीच बघत होती. भाषण संपलं आणि लगेच निर्मात्याचा फोन आला.

"लोक शिव्या घालतायत! बाई आहे की ट्रक, असं विचारतायत."

"आणखी काय म्हणतायत?"

तो थोडा घुटमळला. "काही जणी म्हणतायत, वकील असावी तर अशी. चॅनेलवाल्यांनी विचारलं, ही नवीन कोण आणली. ऐक, आपण आठवडाभर ठेवू. गंमत म्हणून."

"गंमत नाही. करारात लिहा, आवाज माझा. नाहीतर पट्ट्या तयार ठेवा."

"फार माज आलाय तुला."

"आधीपासूनच होता. तुम्हाला आज ऐकू आला."

त्याने फोन आपटला. ती खाटेवर बसून राहिली. काम गेलं असेल तर उद्या काय, याचा हिशेब डोक्यात सुरू झाला, तोच आईचा फोन आला.

"अगं, हे काय गं! मी तर चपापलेच."

"बाबा?"

"पाठ करूनच बसले होते. पहिलं वाक्य आलं आणि हातातला पेपर खाली. शेवटपर्यंत उचलला नाही."

"काही म्हणाले?"

"म्हणाले, कार्टी अजून तशीच ओरडते."

तिने डोळे मिटले. कार्टी. म्हणजे आपली.

"खुर्ची फिरवली?"

"छे गं. शब्द म्हणजे शब्द." तेवढ्यात मागून तो आवाज आलाच, आईच्या फोनमधून, मधली सगळी गावं ओलांडून. "तिला म्हणावं, शेवटी शेवटी दम कमी पडला! गिऱ्हाईक तिथेच निसटतं!"

"सांग त्यांना," ती ओरडली, आणि खालच्या मजल्यावरच्यांनी छताला काठी ठोकली, "उद्या नाही कमी पडणार!"

सकाळी मेकअपच्या खोलीत निर्मात्याचा माणूस कराराचा कागद घेऊन आला. शेवटी पेनाने एक ओळ घातली होती: आवाज शक्यतो कलाकाराचा स्वतःचा राहील.

तिने त्याच्याच खिशातलं पेन घेतलं आणि "शक्यतो" वर अशी रेघ मारली की कागद फाटता फाटता राहिला.

"साहेब चिडतील, मॅडम."

"चिडू देत." तिने सही केली, कागद त्याच्या हातात दिला आणि बाहेर सेटकडे तोंड करून हाक मारली, "चला रे, मी तयार आहे!"

पार गेटपर्यंत ऐकू गेलं.