शेवाळ विरुद्ध खवल्या मांजर

मिल बंद पडली तेव्हा सगळे कामगारांसाठी हळहळले, बॉयलरमागच्या शेवाळासाठी कोणीच नाही. वाफेचा पाइप तिथे वर्षानुवर्षं गळायचा, म्हणून भिंतभर हिरवी मखमल जमली होती. बायोलॉजीच्या मॅडमनी भिंगातून बघून सांगितलं, ही जात आता फार कमी उरलीय. पाइप थंड झाला आणि ती पापडासारखी वाळायला लागली. मी ठरवूनच टाकलं, हिला वाचवायचं.

रस्ता एकच होता, अनंत चतुर्दशीची झांकी. गाडीवरचा हा देखावा दरवर्षी मिलच काढायची; आता मिल बंद असो, झांकी निघणारच, चंदा गोळा करून का होईना. यंदाचा विषय होता ‘संकटातले जीव’, आणि निवडलेल्या जिवाला गाडीवर चक्क कारंजं मिळणार होतं. म्हणजे पाणी!

कमिटीसमोर मी शेवाळ मांडलं, माझ्या वर्गातल्या शमिकानं खवल्या मांजर. मी जोरात बोलले. मांजर मुंग्या खातं आणि घाबरलं की गोल गुंडाळून बसतं, बस. शेवाळ पाणी धरतं, माती धरतं, कोणाचं काही खात नाही. अध्यक्ष प्रतापरावजींनी सगळं मन लावून ऐकलं.

“ते हलतं का, बेटा?”

“नाही.”

“डोळे?”

“नाही.”

“मग पब्लिक टाळी कशावर वाजवेल, भिया?” त्यांनी कमिटीतल्या भावांकडे वळून विचारलं.

मांजर जिंकलं. पत्र्याचे खवले आले, गुंडाळायला-उलगडायला मोटर आली. वायरिंग माझ्या बाबांकडे, जे मिलची नोकरी सुटल्यापासून खाट सोडत नव्हते. मी हळूच विचारलं, मांजराच्या पायाखाली हिरवं काय टाकणार? फुकटचं म्हटल्यावर कमिटीनं शेवाळाला लगेच होकार दिला.

मिरवणुकीत मंचावरून नेताजी म्हणाले, या मुक्या जिवाला आम्ही उपाशी मरू देणार नाही. त्याच क्षणी मांजर गुंडाळलं, ते उलगडेचना. प्रतापरावजी बाबांवर ओरडले, “दिवाकर, खोल ना त्याला!”

“राहू द्या,” बाबा म्हणाले. “आश्वासन ऐकलं की ते असंच करतं.”

मिलवाले पोट धरून हसले. बाबासुद्धा.

झांकी उतरल्यावर मांजराचे पत्रे सियागंजच्या भंगारबाजारात गेले. शेवाळ मी घरी आणलं आणि मोरीच्या गळक्या नळाखाली मांडलं. रविवारी बाबा नवा वॉशर घेऊन नळापाशी उकिडवे बसले. खाली हिरवं फुटलेलं बराच वेळ बघत राहिले. मग वॉशर खिशात टाकून उठले आणि आईला म्हणाले, हा नळ दुरुस्त होण्यातला नाही.