तेविसावा प्रश्न

जुनी म्हणाल तर मी अकरा वर्षांचीच आहे, पण शीतपेटीच्या आयुष्यात अकरा वर्षे म्हणजे म्हातारपण. मित्रांनो, सहलीला जाताना सरबताच्या बाटल्या थंड राहाव्यात म्हणून लोक जशी पेटी नेतात, तशीच मी दिसते. पांढरे अंग, निळे झाकण, खांद्याला अडकवायचा पट्टा आणि बाजूला काळ्या शाईने लिहिलेला सात हा आकडा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. प्लास्टिकच्या दोन भिंतींमध्ये फेस भरला, तो फुगून घट्ट झाला आणि मला माझा स्वभाव मिळाला. बाहेरची ऊब आत येऊ द्यायची नाही. पुढे आमची परीक्षा झाली. पोटात बर्फाच्या विटा घालून आम्हाला तीस अंशांच्या खोलीत सहा तास बसवले. सहा तासांनंतर माझ्या पोटात पाच अंश होते, शेजारच्या पेटीत नऊ. ती पुढे कुठे गेली, मला ठाऊक नाही. मी हॅम्बर्गच्या एका संशोधन केंद्रात आले.

तिथे तान्ह्या बाळांचा अभ्यास चालला होता. आपल्या सगळ्यांच्या कातडीवर डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव राहतात. बहुतेक जण निमूटपणे राहतात, काही तर कातडीची राखण करतात. पहिल्या वर्षात बाळाच्या कातडीवर कोण वस्तीला येते आणि पुढे काही मुलांना इसब किंवा एखाद्या अन्नाची अ‍ॅलर्जी का होते, या दोन गोष्टींचा संबंध शास्त्रज्ञांना शोधायचा होता. त्यासाठी सिस्टर बिर्गिट मला खांद्याला लावून चारशे बाळांच्या घरी जात. एका महिन्याचे बाळ, सहा महिन्यांचे, बारा महिन्यांचे, अशा प्रत्येकी तीन भेटी. ओलसर कापसाची काडी गालावर आणि कोपराच्या आतल्या वळणात अर्धा मिनिट फिरवायची, नळीत बंद करायची आणि नळी माझ्या पोटात ठेवायची. चार तासांत ती केंद्राच्या गोठवणयंत्रात पोचली नाही, तर नमुना बाद. माझ्या पोटातून एकही नमुना बाद झाला नाही. "सात नंबर कधी दगा देत नाही," असे सिस्टर म्हणत आणि माझ्या झाकणावर थाप मारत. पाऊस असो, उ-बान म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेचा संप असो, मी वेळेत पोचले.

काड्यांइतकाच महत्त्वाचा होता बावीस प्रश्नांचा कागद. घरात कुत्रा आहे का? बाळ अंगावर पिते का? साबण लावता का? क्रीम? तेल? सिस्टर एकेका चौकोनात खूण करत.

शहराच्या बार्मबेक भागात, लिफ्ट नसलेल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर कुहू राहायची. तिचे बाबा सत्यजित विमानांच्या कारखान्यात इंजिनियर, आई ऊर्मिला घरूनच एका कंपनीचे काम करायची. पहिल्या भेटीत कुहूचे गाल जरा खरखरीत होते, एवढेच. साबणाच्या प्रश्नाला ऊर्मिलाने अभिमानाने सांगितले, "साबण कधीच नाही. कधी म्हणजे कधीच नाही."

"फार छान," सिस्टर म्हणाल्या. तेलाच्या चौकोनात खूण झाली, बाकी चौकोन कोरे राहिले.

सहाव्या महिन्यात गेलो तेव्हा सत्यजितच्या आई, कुंदाताई, पुण्याहून आल्या होत्या. व्हिसा नव्वद दिवसांचा, म्हणून त्या एकही दिवस वाया घालवत नव्हत्या. मालिश त्याच करत, अंघोळ त्याच घालत. कुहूच्या कोपरांच्या वळणात आता लाल चट्टे होते आणि ती ते सारखे खाजवायची. सिस्टरांनी मला न्हाणीघरात स्टुलावर ठेवले होते. तिथल्या फळीवर काचेची एक बरणी होती, तिच्यात पिवळसर पीठ. मी ते पाहिले. सिस्टरांनीही पाहिले असेल, पण बरणीविषयी कागदावर प्रश्न नव्हता. उत्तरे मागच्यासारखीच भरली गेली.

कुंदाताई परत गेल्या, तीन महिन्यांनी पुन्हा आल्या. आता कुहू वर्षाची होत आली होती. आमच्या तिसऱ्या भेटीच्या आठ दिवस आधी त्यांनी बेसनाचे धिरडे केले आणि नखाएवढा तुकडा नातीच्या तोंडात दिला. दहा मिनिटांत कुहूचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वासाला घरघर लागली. सत्यजितने रुग्णवाहिका बोलावली. दवाखान्यात वेळेवर इंजेक्शन मिळाले, म्हणून पोर वाचली. तपासणीत निघाले की तिला हरभऱ्याची अ‍ॅलर्जी आहे. हरभरा अजिबात खायला द्यायचा नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आणि स्वयंपाकघरातले सगळे बेसन कचऱ्यात गेले.

हे मला ऊर्मिलाच्या तोंडून कळले. आम्ही तिसऱ्या भेटीला पोचलो तेव्हा ती सिस्टरांना सांगत होती. घरात कोणी कोणाकडे पाहत नव्हते.

"आई, तू दमलीस," सत्यजित दाराशी म्हणाला. "तिकीट आधीचं करूया का?"

"मी दमले नाही रे. तुला मी नकोय, ते सरळ बोल."

"तसं नाही. पण तिच्या तोंडात काही घालण्याआधी विचारायचं ना आम्हाला."

"तुला वाढवलं तेव्हा कुणाला विचारलं होतं?"

"अहो आई, जाऊ दे ना आता," ऊर्मिला म्हणाली. "सिस्टर आल्यात."

सिस्टर मला घेऊन न्हाणीघरात कुहूजवळ बसल्या, तेव्हा कुंदाताई दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात स्टीलची वाटी. दवाखान्यातून आल्यापासून कुहूला नुसते ओल्या फडक्याने पुसत होते. आज नमुने घेऊन झाले की अंघोळ घालायची, असे ठरले होते. वाटीत बरणीतले ते पीठ होते, दुधाच्या सायीत कालवलेले.

मित्रांनो, मला डोळे आहेत असे समजा, पण तोंड नाही. झाकण आहे, ते दुसऱ्यांनी उघडायचे. ती वाटी कुहूपासून दोन हातांवर होती. घरातले सगळे बेसन टाकले, असे सगळ्यांना वाटत होते. पण पुण्याहून दळून आणलेले ते पीठ त्यांच्या लेखी बेसन नव्हतेच. ते अंघोळीचे पीठ होते. हरभऱ्याची डाळ, थोडी आंबेहळद, नागरमोथा. स्वयंपाकघरात ते कधी गेलेच नव्हते, म्हणून कोणाच्या लक्षातही आले नव्हते.

सिस्टरांनी काड्या फिरवल्या, नळ्या माझ्या पोटात ठेवल्या. मग कागद काढला. साबण? नाही. क्रीम? नाही. तेल? खोबरेल. पेन पुढे सरकत होते. मध्येच त्या थांबल्या.

"हरभरा तिने याआधी कधी खाल्ला होता?"

"नाही. आम्ही मुगाचंच वरण द्यायचो. तो पहिलाच घास होता."

सिस्टरांनी भुवया आवळल्या. "कुठेतरी गाठ पडली असणार. शरीर पहिल्याच भेटीत असं चिडत नाही सहसा. आधीची ओळख लागते."

"काय म्हणते ती?" कुंदाताईंनी विचारले.

ऊर्मिलाने मराठीत सांगितले. "म्हणतायत, हरभऱ्याची कुहूशी आधीची ओळख असणार. पण कुठून असेल?"

कुंदाताईंनी हातातल्या वाटीकडे पाहिले. मग कुहूच्या कोपराकडे, जिथे चट्टा फुटून ओल आली होती. सत्यजित त्यांच्या मागेच उभा होता. एका घासावरून आठ दिवस बोलणी खाल्लेल्या बाईला गप्प राहणे फार सोपे होते. पिठाविषयी कोणी विचारले नव्हते.

"ऊर्मिला, तिला सांग, ओळख आहे," त्या म्हणाल्या. "रोजची आहे. माझ्या हातची."

त्यांनी वाटी पुढे केली. ऊर्मिलाने आत पाहिले आणि कुहूला उचलून छातीशी धरले.

"आई, मी पण लावत होते," ती हळूच म्हणाली. "तुम्ही गेल्यावर रोज."

सिस्टरांनी विचारून विचारून सगळे लिहून घेतले. किती दिवस, कोणती डाळ, फुटलेल्या कातडीवरही का. कागदावर जागा नव्हती म्हणून समासात लिहिले, मग पाठीमागे. नंतर तिथूनच दवाखान्याला फोन लावला. पलीकडच्या डॉक्टरांनी सांगितले की फुटलेल्या कातडीतून अन्नाचे कण आत गेले, तर शरीर त्या अन्नावर डूख धरू शकते. इथे नेमके तेच झाले, हे छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही. पण ते पीठ आज फुटलेल्या कातडीला लागले असते, तर पुन्हा रुग्णवाहिका बोलवायची वेळ येऊ शकली असती, असे त्यांनी बजावले.

"मी तीनदा या घरी आले," सिस्टर कुंदाताईंना म्हणाल्या. "साबण विचारला आणि खूश झाले. साबणाऐवजी काय, हे विचारलं नाही. तुमच्याइतकीच चूक माझी आहे."

ऊर्मिलाने ते सांगितले.

सत्यजितने फळीवरची बरणी उतरवली. "आई, धिरड्यावरून मी फार बोललो तुला."

"बोललास ते बोललास. आधी ते पीठ टाक. आणि हात धू साबणाने, नाहीतर तसाच घेशील तिला."

तो पहिल्यांदा हसला. तिकीट बदलले नाही. डॉक्टरांनी दिलेले मलम उरलेले दिवस कुंदाताईंनीच लावले, रोज दोनदा. कोपरे पुष्कळ निवळली, थंडीत थोडी लाल होत राहिली. हरभरा कुहूला अजून चालत नाही.

त्या दिवशी आम्ही केंद्रात पोचलो तेव्हा चार तासांतली बारा मिनिटे उरली होती. आधीची उत्तरे अपुरी निघाली, तरी कुहूचे नमुने टाकले नाहीत. समासातल्या मजकुरासह ते आजही गोठवणयंत्रात आहेत. पुढच्या महिन्यापासून कागदावर तेविसावा प्रश्न आला. 'खाण्याचा कोणताही पदार्थ बाळाच्या अंगाला लावता का?' सिस्टर म्हणाल्या, पहिल्याच आठवड्यात चार घरांनी 'हो' सांगितले. एकीकडे ओटचे पीठ, एकीकडे बदामाचे तेल, दोन घरी आईचे दूध. सगळ्यांनी मायेनेच लावले होते.

नंतर तापमान आपोआप नोंदवणाऱ्या नव्या पेट्या आल्या. माझी एक कडी तुटली, ती कोणी बसवली नाही. आता मी तळघरात असते आणि माझ्या पोटात हातमोज्यांची खोकी ठेवतात. तक्रार नाही. अभ्यास चालू आहे, उत्तर अजून सापडलेले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी तान्हे बाळ असेल आणि त्याच्या कातडीवर चट्टे असतील, तर त्याच्या अंगाला काय काय लागते ते डॉक्टरांना सांगा. विचारले नाही तरी सांगा. आणि घरातले कोणी असे काही कबूल करत असेल, तर त्या वेळी त्याच्यावर ओरडू नका. ओरडलात, तर पुढच्या वेळी ते माणूस गप्प बसेल, आणि त्या गप्प बसण्याचे चट्टे अशा बाळाच्या अंगावर उठतील, ज्याला अजून बोलता येत नाही.