मडगार्डवरची अँटेना

बायको गेल्याचं कळलं तेव्हा तो ट्रकखाली आडवा पडून ग्रीस भरत होता. शेजारीण फोनवर बोलत राहिली आणि हा "बरं, बरं" म्हणत राहिला. फोन ठेवून त्याने उरलेलं ग्रीस भरलं, हात पुसले, आणि मग त्याला कळेना की आधी घरी जायचं की दवाखान्यात.

पुढे काही आठवड्यांनी गावातल्या छोट्या रेडिओ केंद्रावरच्या बाई भेटायला आल्या. बायको शिवणकाम करायची आणि केंद्रावरून लोकांच्या शिवणाच्या अडचणी सोडवायची.

"त्यांचा एक भाग रेकॉर्ड करून ठेवलाय," बाई म्हणाल्या. "गुरुवारी दुपारी लावतोय. शेवटचाच. हवा तर पेन ड्राइव्हवर देते."

तो नको म्हणाला. त्याने कार्यक्रम कधी ऐकलाच नव्हता. दुपारी तो घाटात असायचा आणि गाव सुटलं की ट्रकचा रेडिओ नुसता खरखरायचा. बायको टोमणा मारायची, "सगळं गाव ऐकतं, तुम्ही सोडून." त्याला गावासारखंच ऐकायचं होतं, रेडिओवर, आणि गुरुवारीही तो घाटातच असणार होता.

गाड्यांच्या सामानाच्या दुकानात दुकानदाराने काउंटरवर तीन अँटेना मांडल्या: चुंबकाची, काचेला चिकटवायची आणि स्क्रूची.

"छत कशाचं आहे?"

"ट्रकचं."

"ते कळलं हो! पत्रा की फायबर?"

इतकी वर्षं त्या छताखाली बसून त्याला सांगता येईना. त्याने चुंबकाची घेतली. छतावर ठेवली तर ती घसरून सरळ खाली आली. म्हणजे फायबर. मडगार्डला मात्र चिकटली, पण पहिल्याच गतिरोधकाला उडून वायरीला लोंबकळायला लागली.

मग स्क्रूची आणली. "रंग खरवडा," दुकानदाराने बजावलं. "उघडा पत्रा लागला पाहिजे, नाहीतर अर्थिंग मिळणार नाही."

मडगार्डवरचा हिरवा रंग बायकोने स्वतः मारला होता. बाकी ट्रकशी तो अजिबात जुळत नव्हता आणि ब्रशचा एक केस त्यात तसाच अडकून राहिला होता. भोक त्याने कसंबसं पाडलं. पॉलिशपेपर हातात धरून तो बराच वेळ उभा राहिला, मग तो खिशात घातला आणि रंगावरच अँटेना कसली. रेडिओ पूर्वीपेक्षा जोरात खरखरला.

बुधवारी त्याने मेव्हण्याला बोलावलं. मेव्हणा गाड्यांचं वायरिंग करायचा.

"भाऊजी, रंग का नाही काढला?"

"तुझ्या ताईने मारलाय तो."

मेव्हण्याने मडगार्डखाली डोकं घातलं. मग तो हसायलाच लागला. हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले.

"अहो, खालून! खालून खरवडायचं असतं. वॉशर खालच्या बाजूने पत्र्याला लागतो. वर कशाला हात लावायचा?"

"मग दुकानदार तसं का बोलला नाही?"

"त्याला काय माहीत तुम्ही वरून सुरू कराल!"

गुरुवारी घाटात त्याने ट्रक कडेला घेतला आणि इंजिन बंद केलं. आधी जाहिरात लागली, मग ती बोलायला लागली. आवाज तिचाच होता, पण ती सगळ्यांना अहो-जाहो करत होती, त्यामुळे त्याला क्षणभर भलतंच कोणीतरी वाटलं. पॅंटचा खिसा खालून फाटला तर काय करायचं, ते ती सांगत होती. याचाही फाटलेलाच होता. त्याने लक्ष देऊन ऐकायचं ठरवलं. आधी पॅंट उलटी करा, म्हणाली. जुनं अस्तर उसवून घ्या, म्हणाली. त्यापुढे तो फक्त आवाजच ऐकत बसला. मध्येच ती खोकली, "हं" म्हणाली, पुन्हा सुरू झाली. कार्यक्रम संपला आणि गाणं लागलं.

घरी येऊन त्याने पॅंट उलटी केली आणि अस्तर उसवलं. पुढे काय करायचं ते त्याला माहीत नाही. खिसा अजून शिवायचा राहिला आहे.