मी, साबणपाणी आणि हरवलेली हवा

मित्रांनो, आमच्या गॅरेजच्या खिडकीत तीन वस्तू आहेत. एक कान तुटलेला कप, एक बंद पडलेलं घड्याळ आणि त्या दोघांच्या मध्ये अंग चोरून उभी असलेली मी. मी एक जुनी स्प्रेची बाटली आहे. एकेकाळी माझ्यातून आरपार दिसायचं, आता मी दुधाळ झाले आहे. माझ्या पोटावर ग्रीसचे पाच ठसे आहेत. ते कितीही घासले तरी जात नाहीत, आणि खरं सांगायचं तर ते जाऊ नयेत असंच मला वाटतं. का, ते पुढे सांगते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एकाच साच्यातून आम्ही हजारो बहिणी बाहेर पडलो. आमच्या पोटात काचा पुसायचं निळं पाणी भरलं, वर पांढरं तोंड बसवलं आणि आम्हाला दुकानात धाडलं. ते निळं पाणी संपलं की बहुतेक बाटल्यांचं आयुष्यही संपतं. माझं नशीब जरा बरं. या गॅरेजच्या मालकांच्या, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोने मला स्वच्छ धुतलं, साधं पाणी भरलं आणि इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं. मला पहिल्यापासून नको तिथे नाक खुपसायची सवय. कोणाच्या खिशात काय राहिलं, कोणाची कॉलर कशाने मळली, सगळं मला बघायला हवं असायचं.

एकदा मिस्त्री एका चाकातली बारीकशी गळती शोधून शोधून थकले. "साबणाचं पाणी मारून बघा की," त्यांची बायको म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या डब्याबरोबर तिने मला गॅरेजात पाठवलं. मी टायरवर फुस्स केलं मात्र, एक इवलासा बुडबुडा डोकं वर काढून उभा राहिला. "सापडली!" मिस्त्री ओरडले. त्यांची मुलगी तेव्हा लहान होती. तिने तिथल्या तिथे माझं नाव फुसफुशी ठेवलं. त्या दिवसापासून मी घरी परत गेलेच नाही.

पण गॅरेजात खरा मान होता तो मिस्त्रींच्या कानाला. गाडी दारात शिरली की ते हातातलं काम थांबवायचे, मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, "पट्टा सैल झालाय," किंवा "तिसऱ्या सिलिंडरचं काहीतरी बिघडलंय." पुढे बॉनेट उघडलं की तसंच निघायचं. लोक तोंडात बोट घालायचे. मिस्त्री मग जरा ऐटीत म्हणायचे, "ज्या दिवशी हा कान चुकेल ना, त्या दिवशी शटर खाली ओढीन आणि घरी जाऊन बसेन!" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की झोपेतही म्हणून दाखवीन. असा कान असल्यावर साबणाच्या पाण्याला कोण विचारतो? मी खिडकीत जाऊन बसले. माझ्या तोंडात साबण वाळला. कोळ्याने माझ्या मानेपासून कपाच्या तुटक्या कानापर्यंत जाळं विणलं. मला वाईट वाटायचं, पण करणार काय?

वर्षं गेली. मुलगी शिकून मोठी झाली आणि वडिलांच्या बरोबरीने गाड्या दुरुस्त करू लागली. खिडकीत रिकामी बसून मी एक गोष्ट टिपली होती. मिस्त्री रेडिओ मोठा लावू लागले होते. मागून हाक मारली तर वळायचे नाहीत. मुलीला वाटायचं, बाबा कामात आहेत. मलाही तसंच वाटायचं.

मग एका सकाळी एक सिस्टर आपली गाडी घेऊन आल्या. डोंगरावरच्या वस्तीत घरोघरी जाऊन त्या आजाऱ्यांच्या जखमा धुऊन पट्ट्या बांधायच्या. त्या म्हणाल्या, "सपाट रस्त्यावर गाडी गुणी बाळासारखी चालते. चढ लागला की रडायला लागते. काल तर एक सायकलवाला माझ्या पुढे गेला, आणि वर हात हलवून!"

मित्रांनो, इथे थोडं समजून घ्या. इंजिनाला इंधनाबरोबर हवाही लागते. टर्बो म्हणजे जणू एक छोटा पंखा. बाहेर जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर तो गरगर फिरतो आणि ताजी हवा दाबून इंजिनात कोंबतो. या जादा दाबालाच बूस्ट म्हणतात. टर्बोपासून इंजिनापर्यंत ही हवा जाड रबरी पाइपांतून जाते. त्या वाटेत कुठे फट पडली, की दाबलेली हवा मधूनच पळून जाते आणि गाडी चढावर धापा टाकते.

मिस्त्रींनी इंजिन चालू करायला लावलं, वाकून प्रत्येक पाइपाजवळ कान नेला आणि हात झटकले. "पाइपात गळती नाही. म्हणजे टर्बोच गेला. नवा बसवावा लागेल."

मुलीने इंजिन बंद केलं, हवेचा पाइप काढून टर्बोच्या तोंडात बोट घातलं आणि आतला पंखा हळूच फिरवला. तो अलगद फिरला, हलवून पाहिला तर जागचा हलला नाही. "बाबा, हा तर ठणठणीत वाटतोय," ती म्हणाली. "एकदा दाब देऊन बघूया?"

"बघ बाई. माझा कान सांगतोय ते खोटं असेल तर बघ."

तिने टर्बोच्या तोंडावर दाबाचा काटा असलेलं एक घट्ट झाकण बसवलं आणि त्यातून कॉम्प्रेसरची हवा थोडी थोडी आत सोडली. मग कॉम्प्रेसरची मोटर बंद केली. गॅरेज चिडीचूप झालं. आणि त्या शांततेत गाडीखालून लांबलचक सूं सूं ऐकू येऊ लागलं. खिडकीत बसून मलाही ते स्वच्छ ऐकू आलं.

"बघ," मिस्त्री समाधानाने म्हणाले, "काही आवाज नाही."

मुलीने वडिलांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. ते थट्टा करत नव्हते. शटरचं ते वाक्य तिनेही लहानपणापासून ऐकलं होतं. आता खरं सांगावं तर बाबा घरी बसणार, आणि सांगू नये तर सिस्टरांच्या गाडीतला चांगला टर्बो उगाच बाहेर निघणार, वर गाडी तशीच रडत राहणार. माझा जीव टांगणीला लागला.

ती खिडकीपाशी आली. माझ्यावरचं जाळं तिने पुसलं, माझं तोंड गरम पाण्याने मोकळं केलं, पोटात साबणाचं पाणी भरलं आणि मला वडिलांच्या हातात दिलं. "बाबा, बुडबुडे कसे बघायचे ते मला विसरायला झालंय. दाखवा ना."

मिस्त्री हसले. त्यांनी मला सांध्यासांध्यावर चालवलं. वरच्या एका क्लिपपाशी बारीक फेस आला. "हं! हीच ती!" त्यांनी क्लिप आवळली, फेस थांबला, आणि ते मला खाली ठेवू लागले. मलाही वाटलं, झालं काम.

"पण दाबाचा काटा अजून उतरतोय," मुलगी म्हणाली.

एक गळती सापडली म्हणून दुसरी नसेलच असं थोडंच आहे? मिस्त्री गाडीखाली सरकले. तिथल्या एका पाइपाच्या पोटावर तेलाचा ओलसर डाग होता. त्यांनी मला तिकडे वळवून दोनदा दाबलं. एक बुडबुडा फुगला, लिंबाएवढा झाला, फुटला, लगेच दुसरा आला. रबराला बोटभर चीर होती. दाब नसताना तिचे ओठ मिटलेले असायचे, म्हणून वरवर पाहणाऱ्याला ती दिसली नसती.

मिस्त्री त्या बुडबुड्यांकडे बघत राहिले. मग खालूनच त्यांनी विचारलं, "एवढी मोठी चीर... आणि आवाज नाही?"

मुलगी शेजारी जमिनीवर आडवी झाली. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "आवाज आहे, बाबा. मघापासून आहे."

त्यांचा ग्रीसने माखलेला हात माझ्या पोटावर घट्ट आवळला. इतका, की मला वाटलं आता मी चेपणार. ते पाच ठसे तेव्हाचे.

ते बाहेर आले. सरळ दाराकडे गेले आणि शटरला हात घातला. मुलगी उठून उभी राहिली. शटर खडखडत खाली आलं, आणि अर्ध्यावर थांबलं.

"ऊन डोळ्यांवर येतंय," मिस्त्री म्हणाले. "अजून अख्खी पाइपलाइन बघायचीय. बुडबुडे नीट दिसायला नकोत?"

मुलीने तोंड फिरवून डोळे पुसले. मलाही रडू आलं असतं, पण माझ्याकडे साबणाचंच पाणी होतं.

दुपारपर्यंत नवा पाइप बसला. सिस्टर डोंगरावर जाऊन आल्या, सायकलवाल्याला मागे टाकल्याचं सांगून खूप हसल्या, आणि सगळा प्रकार कळल्यावर मिस्त्रींना म्हणाल्या, "आता तुमची पाळी. उद्या माझ्याबरोबर कानाच्या डॉक्टरांकडे चला." ते खरंच डॉक्टरांकडे गेले. आता त्यांच्या कानामागे एक छोटं यंत्र असतं, आणि मुलगी पाना फार आपटते अशी त्यांची रोजची तक्रार असते. मी आता खिडकीत फक्त रविवारी असते, आजच्यासारखी.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. काम झालं की माझं तोंड साध्या पाण्याने धुवा, नाहीतर साबण आत वाळतो आणि मी नुसती खोकत राहते. तुमच्या घरातलं कोणी हाकेला ओ देत नसेल, तर रागावण्याआधी त्यांच्याजवळ जा, हळूच विचारा, चारचौघांत हसू नका. आणि मला पुसायला घ्याल तेव्हा हवं तेवढं घासा, पण ते पाच ठसे तेवढे राहू द्या.